चालक क्रमांक दोन

७ मार्च, मंगळवार

आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या स्वतःच्या गाडीने मला परवानगी नाकारली. वेळ अचूक आहे, कारण ती समोरच्या पडद्यावरच होती, आणि तिच्याखाली लाल अक्षरांत ही ओळ: ‘या क्षेत्राबाहेर वाहन सुरू करण्याची परवानगी नाही.’

परवानगी! गाडी माझी, पैसे माझे, लायसन्स माझं, किल्ली माझ्या हातात, आणि ही बया मला परवानगी शिकवते.

झालं असं. ताईला घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात निघाले होते. माझी ही थोरली बहीण माझ्याजवळच राहते. तिचा उजवा डोळा गेल्या वर्षी गेला. डावा टिकवायचा तर महिन्याच्या महिन्याला त्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय की तारीख चुकवायची नाही. आत पाणी साचून जी नजर जाते ती परत मिळत नाही. इस्पितळ पलीकडच्या शहरात, बोगद्याच्या पुढे. बोगदा ओलांडला तशी ताई म्हणाली, "छोटे, थांबव कुठेतरी. मला जायचंय." माझे केस पिकले तरी तिच्या लेखी मी छोटीच. पेट्रोल पंपावर थांबवली, तिला धरून नेलं, आणलं, पट्टा बांधला, बटण दाबलं. आणि वरची ओळ.

पुन्हा दाबलं. उतरले, दार आपटलं, परत बसून दाबलं. पंपावरच्या माणसाने बॉनेट उघडून आत डोकावलं, ‘नवीच दिसते’ म्हणाला आणि बॉनेट लावून टाकलं. टॅक्सीवाल्यांना फोन केले. बोगद्यापलीकडे यायला एक राजी होईल तर शपथ. काचासुद्धा खाली होईनात. शेवटी दोन्ही दारं सताड उघडी टाकून ताईला वर्तमानपत्राने वारा घालत बसले.

अकराच्या सुमारास चिरंजीवांचा फोन आला. देवाने धाडल्यासारखा. "आई, कुठे आहेस?" म्हटलं, वाटेत गाडीने दगा दिला. "बरं, घाबरू नकोस. पंपावरच थांब. मावशीला सावलीत बसव," म्हणाला. मुलाचं काळीज ते! ऑफिसच्या धबडग्यात, एवढ्या लांबून, नेमकी त्याच वेळी आईची आठवण यावी. फोन ठेवला आणि संतापाच्या भरात मी पर्स उचलून त्या पडद्यावर हाणली. गाडी सुरू!

तर या यंत्रांना हीच भाषा कळते.

इस्पितळात पोचलो तेव्हा डॉक्टर शस्त्रक्रियांना आत गेले होते. काउंटरवरच्या मुलीने यादीत बोट फिरवलं आणि एकवीस तारीख दिली. त्याआधी जागा नाही म्हणे. मी विनवलं, मग दरडावलं, मग परत विनवलं. एकवीस म्हणजे एकवीस.

घरी आल्यावर ताई एवढंच म्हणाली, "पर्स बरी आहे ना?"


८ मार्च, बुधवार

गाडीच्या कंपनीला फोन. आधी एका ध्वनिमुद्रित बाईने सांगितलं की माझा फोन कंपनीसाठी महत्त्वाचा आहे. मग तिने मला बराच वेळ बासरी ऐकवली. मग एक खरी मुलगी आली, आवाजाने मंजुळ. मंजुळाच म्हणते तिला.

"मॅडम, वाहनात काही दोष दिसत नाही. क्षेत्रमर्यादा घातलेली आहे."

"कुणी घातली?"

"मुख्य वापरकर्त्याने."

"अगं, मुख्य वापरकर्ती मीच की."

"एक मिनिट हं मॅडम... नाही. आपण चालक क्रमांक दोन आहात."

"मग एक कोण?"

"ते सांगता येत नाही, मॅडम. गोपनीयतेचं धोरण आहे."

"कुणाची गोपनीयता?"

"मुख्य वापरकर्त्याची."

"आणि माझी?"

"आपल्या गोपनीयतेची आम्ही पूर्ण काळजी घेतो, मॅडम."

हे तिने इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला क्षणभर खरंच वाटलं. मग म्हणाली, मुख्य मोबाईलवर संकेतांक पाठवते, तो वाचून दाखवा. माझ्या मोबाईलवर काही आलं नाही. तीन वेळा पाठवला, म्हणाली. तिन्ही वेळा माझा फोन ढिम्म.

अर्थ उघड आहे. कुणी भामटा कंपनीच्या संगणकात घुसलाय आणि माझ्या जागी त्याने स्वतःचा नंबर घातलाय. माझा नंबर चोरीला जाणं शक्यच नाही. मी तो कुणाला देतच नाही. चपला घ्यायला गेलं तरी ‘मोबाईल नंबर सांगा’! एकदा दिला की जन्मभर ते आपल्याला सवलती कळवणार. मी सगळीकडे बिनदिक्कत चिरंजीवांचा नंबर ठोकून देते. औषधाचं दुकान, चष्म्याचं दुकान, सगळीकडे. त्याला सांगून ठेवलंय, येईल ते पुसून टाकायचं. आमच्या शाळेत नन्स सांगायच्या, मुलीने नाव विचारल्याशिवाय सांगू नये आणि पत्ता विचारला तरी सांगू नये. त्या शिस्तीचा आज फायदा होतो.

ताईला हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "गाडी घेताना कुणाचा नंबर दिला होतास?"

म्हटलं, त्या दिवशी सह्या करता करता बोटं मोडायची वेळ आली होती, नंबर कुठला लक्षात राहतो. आणि मुद्दा तो नाहीच मुळी.


११ मार्च, शनिवार

आज गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरवर. काचेचं दालन, गुळगुळीत फरशी, आणि टायवाला एक मॅनेजर. त्याने गाडीला वायर जोडली, पडद्यावर आकडे बघितले.

"मॅडम, गाडी ठणठणीत आहे. बंद पडलीच नव्हती. मोबाईलवरून थांबवली होती."

"घरी बसून? मोबाईलवरून?"

"हो. सोय आहे ती. चोरी झाली तर उपयोगी पडते."

"चोरानेच वापरली तर?"

यावर टाय सारखा केला त्याने. मी म्हटलं, ही गाडी माझ्याबद्दल आणखी काय काय सांगते कुणाला, ते तरी ऐकू दे. आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीचा हात धरला. कुठे गेले, किती वेळ थांबले. ब्रेक हळू दाबला की कचकन. शेजारच्या सीटवर कुणी बसलंय का आणि वजन साधारण किती. स्टिअरिंगच्या वर शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा आहे. तो चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत असतो. आरशापाशी माईक. "फक्त आज्ञा ऐकायला," म्हणाला.

"आज्ञा सोडून बाकी ऐकू येत नाही त्याला? बहिरा होतो मधेच?"

"तसं नाही, मॅडम..."

मी याला माझी नोकरी सांगितली. ट्रंक टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये उभी हयात गेली माझी. बोर्डावर प्रत्येक तारेला एक ऐकण्याची कळ असायची. दोन माणसं जोडून दिली, ‘बोला’ म्हटलं, की कळ मागे. ऐकायचं नाही. सुपरवायझर बाई मऊ तळाच्या चपला घालून पाठीमागून फिरायच्या, कुणाची कळ पुढे राहिलीय का बघत. एका मुलीने कुणाचं तरी लग्न मोडल्याची बातमी ऐकली आणि जेवणाच्या सुट्टीत सांगितली. दुपारपर्यंत तिची खुर्ची रिकामी झाली होती. गावातली निम्मी गुपितं आमच्या बोटांखालून जायची, आणि आम्ही विणकामाच्या टाक्यांवर बोलायचो.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," टायवाला म्हणाला.

"हो ना. तेव्हा लाज होती."

मग निघायच्या आधी त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, घरी कोण कोण असतं?" म्हटलं, मी आणि बहीण. मुलगा बाहेरगावी. म्हणाला, "त्यांच्याशी एकदा बोलून बघा ना." आणि असा काही कनवाळू चेहरा केला की माझं डोकंच फिरलं. मुलगा कशाला लागतो? म्हातारी बाई दिसली की यांना तिच्यामागे एखादा पुरुष उभा हवा. तसं सुनावून आले. घरच्या फाटकातून आत घेताना खांबाला किंचित घासली गाडी. रागात होते. शिवाय तो खांब मुळातच पुढे आलेला आहे.


१४ मार्च, मंगळवार

बंदोबस्त केला. कॅमेऱ्यावर जखमेची चिकटपट्टी लावली, माईकच्या भोकांत कापूस कोंबला. गाडी आजारी माणसासारखी दिसते, पण दिसू दे. लगेच पडद्यावर तक्रार: ‘चालक दिसत नाही.’ म्हटलं, बरं झालं!

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आई, गाडीत कॅमेऱ्यावर काही पडलंय का गं?"

कौतुक वाटलं मला. माझं ऐकून त्याने या गाड्यांबद्दल वाचायला घेतलं असणार. लहानपणापासून तसाच, कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जाणार. सांगितलं, चिकटपट्टी लावली. मग म्हणाला, "काढून टाक ती. सुरक्षेसाठी असतं ते." आणि मग हळूच, "एकवीसला टॅक्सी ठरवून देऊ का? तू कशाला एवढी तंगडतोड करतेस?" म्हटलं, मागच्या वेळचे टॅक्सीवाले तुझ्याच फोनची वाट बघत थांबले होते वाटतं! आणि टॅक्सीत ताईला उलटी होते, हे त्याला ठाऊक आहे. त्या भामट्याला घाबरून मी माझी गाडी घरी ठेवायची?

"भामटा नसेलही, आई."

"मग कोण असेल?"

"बघतो," म्हणाला. फोन ठेवला.

ताई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. मी म्हटलं, बिचारा काळजीत पडलाय. ती म्हणाली, "छोटे, तुला खरंच कळत नाहीये, की कळून घ्यायचं नाहीये?"

"काय कळायचंय?"

"काही नाही. खिडकीचा पडदा सार."

रोज सकाळी ती हाताने उजवा डोळा झाकते आणि डाव्याने खिडकीच्या गजांकडे बघते. गज सरळ दिसले तर डोळा बरा, वाकडे दिसले तर आत पाणी. डॉक्टरांनीच शिकवलंय. आज विचारलं तर म्हणाली, मधला एक थोडा वाकलाय. मी गजाला हात लावून पाहिला. सरळ आहे.


१७ मार्च, शुक्रवार

पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून विचारलं, "गाडी चोरीला गेली का?"

"नाही."

"तुमच्याकडेच आहे?"

"बाहेर उभी आहे."

"मग मावशी, चोरी कशाची झाली?"

‘माझ्या मर्जीची,’ असं म्हणायला हवं होतं, ते घरी आल्यावर सुचलं. त्याने रविवारनंतर लेखी अर्ज आणायला सांगितलंय. मसुदा करायला घेतलाय: ‘अज्ञात इसमाविरुद्ध’.

ताईला आज दोन गज वाकडे दिसतात.


१९ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

चिरंजीव आणि सूनबाई सकाळी आले, न कळवता. जेवणं झाली. मी अर्जाचा मसुदा आणला आणि चिरंजीवांना वाचून दाखवू लागले, म्हणजे कायद्याच्या भाषेत कुठे कमी पडलं तर सांगेल. ‘सदर अज्ञात इसमास शोधून काढून कडक शासन व्हावे’ इथपर्यंत पोचले, तेवढ्यात सूनबाई हातातलं ताट ठेवून त्याला म्हणाली, "आता तू सांगतोस, की मी सांगू?"

तो भिंतीकडे बघत बसला.

"आई, अज्ञात इसम हा आहे," ती म्हणाली.

मी हसले. खरंच हसले. वाटलं, थट्टा आहे. मग त्याने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. त्यावर आमची गल्ली होती, आमचं घर, आणि घरासमोर एक निळा ठिपका. माझी गाडी. खाली माझं नाव नव्हतं. ‘चालक क्रमांक दोन’ होतं.

"तू गाडी घेतलीस तेव्हा माझा नंबर दिलास, आई. त्या दिवसापासून सगळं मलाच येतं. मी मागितलं नव्हतं."

"पुसून टाकायला सांगितलं होतं ना?"

"आधी टाकत होतो. मग हे यायला लागलं." त्याने बोटाने वर सरकवलं. ओळीच्या ओळी. ‘चालकाचे डोळे मिटलेले. झोपेची शंका.’ तारीख, वेळ, जागा. बाजाराजवळचा सिग्नल, शाळेजवळचा सिग्नल, पुलाआधीचा सिग्नल. "दर दोन दिवसांनी हे, आई. मी ऑफिसात बसून हे वाचायचं आणि तू मावशीला घेऊन बोगद्यातून जायचं. शेवटी शहराभोवती हद्द आखून दिली. वाटलं, जवळच्या जवळ फिरेल, लांब नको. मला त्या दिवशीची इस्पितळाची तारीख लक्षात नव्हती. देवाशपथ नव्हती. गाडी हद्दीबाहेर उभी आहे असं मला आलं, पण मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर आल्यावर पाहिलं आणि लगेच सोडली."

म्हणजे पर्सने नव्हे.

मी ती यादी पुन्हा वाचली. "हे सगळे सिग्नल लाल आहेत."

"म्हणून काय झालं? लाल सिग्नलला झोप लागली तर—"

"झोप नाही रे शहाण्या. प्रार्थना करते मी."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. सांगावं लागलं. शाळेत नन्सनी लावलेली सवय. जिथे थांबावं लागेल तिथला वेळ फुकट घालवायचा नाही. डोळे मिटायचे आणि आपल्या माणसांची नावं घ्यायची. बसच्या रांगेत घेतली, बँकेत घेतली, आता सिग्नलला घेते. मागचा हॉर्न वाजवतोच, तेव्हा उघडते.

"कुणाची नावं?" सूनबाईने विचारलं.

"आधी याचं. मग ताईचं. बाजाराचा सिग्नल मोठा आहे, तिथे तुझ्यापर्यंत पोचते."

ती खळखळून हसली. मग एकाएकी डोळ्यांना पदर लावला तिने. चिरंजीव मात्र हसला नाही. म्हणाला, "आणि फाटकाचा खांब? तिथेही प्रार्थना?"

"खांब पुढे आलाय."

"आई, खांब पुढे येत नाहीत."

"तू ये की मग पुढे! समोर येऊन सांग, आई, मला भीती वाटते, एकदा तुझ्याशेजारी बसून बघतो. चोरासारखा मागून कळ कशाला दाबलीस?"

"तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. ते मी त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते.

मग तो माझा हात धरून म्हणाला, "जाऊ दे ना आता. मंगळवारी मी परवानगी देतो. दिवसभराची देतो."

तोंडातला शब्द त्याच्या त्यालाच ऐकू गेला असावा, कारण लगेच सोडला त्याने हात. मी उठून ताईच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ती भिंतीला टेकून बसली होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मी म्हटलं.

"पंपावर थांब म्हणाला तेव्हा. तू त्याला पंप सांगितलाच नव्हतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तो माझा मुलगा नाही, म्हणून. तुझा आहे."

मी म्हटलं, त्याच्या परवानगीवर मी गाडीची चाकं हलवणार नाही. मंगळवारी दुसरी सोय बघू. त्यावर ती जी चिडली, तशी गेल्या कित्येक वर्षांत चिडलेली पाहिली नव्हती.

"तुझा मान तुझ्यापाशी ठेव. डोळा माझा आहे. त्याच्या परवानगीने ने, कंपनीच्या ने, त्या टायवाल्याच्या ने, पण ने. मला गाडीतून उतरताना जमीन दिसायला हवी. भांडण नंतर कर, तुला त्यासाठी आयुष्य पडलंय."

दोघं संध्याकाळी परत गेली. मी अर्जाचा मसुदा फाडला.


२१ मार्च, मंगळवार

गेलो. चिकटपट्टी काढली, कापूस काढला, बटण दाबलं. मुकाट सुरू झाली. लाल सिग्नलला डोळे टक्क उघडे ठेवून बसले, बाहुलीसारखे. कुणाचंही नाव घेतलं नाही.

बोगदा संपतो न संपतो तोच गाडीतून आवाज आला. "आई, सगळं ठीक ना? जरा वेग जास्त वाटतोय."

एवढा मोठा माणूस, आणि दोन दिवस धीर धरवला नाही त्याला. मी तोंड उघडायच्या आत ताई त्या आरशाकडे तोंड करून बोलली. आरसा तिला दिसत नाही, पण आवाज कुठून येतो ते कळतं. "तुझ्या आईने तुला सायकल शिकवली तेव्हा ती मागून पळत होती. तिने सायकलीला दोरी बांधली नव्हती. ठेव आता."

त्याने ठेवला.

इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांनी तिच्याकडून समोरचा तक्ता वाचून घेतला. मागच्या वेळी ती चौथ्या ओळीपर्यंत गेली होती. आज दुसरीवर अडली. मी शेजारी बसून मनातल्या मनात तिला अक्षरं सांगत होते, परीक्षेत कॉपी पुरवावी तशी. डॉक्टरांनी मागची तारीख पाहिली आणि विचारलं, "मध्ये का चुकलं?" इंजेक्शन देऊन झाल्यावर तेच म्हणाले, आता यापुढे बिघडणार नाही असं बघू. पण जे गेलं ते गेलं.

परतताना ताईने विचारलं, "त्याला सांगणार आहेस?"

"तू म्हणशील तसं."

ती म्हणाली, "सांग. पण रडवू नकोस त्याला. रडला की तो कामं करायची विसरतो."

फाटकाशी पोचले, तर खांबाला पुन्हा लागली. आज रागात नव्हते. उतरून खांबाकडे नीट पाहिलं.


२३ मार्च, गुरुवार

पत्र टाकलं. टपालाने, म्हणजे मध्ये कुणाला कळ दाबता येणार नाही. नक्कल इथे उतरवून ठेवते.

"चि. यास अनेक आशीर्वाद.

हे वाचून फोन करायचा नाही. तू फोनवर फार लवकर ‘सॉरी’ म्हणतोस आणि मी फार लवकर विरघळते, आणि मग गोष्ट होती तिथेच राहते.

आधी जे घडलं ते. तुझी मावशी सात तारखेच्या आधी तक्त्यावरची चौथी ओळ वाचत होती. एकवीसला ती दुसरीवर थांबली. पुढच्या दोन ओळी आता येणार नाहीत. तू हे मुद्दाम केलंस असं तिलाही वाटत नाही, मलाही नाही. पण माणूस समोर नसताना त्याच्या गाडीची चावी फिरवली की काय होऊ शकतं, ते तुझ्या मोबाईलवरच्या ठिपक्यात दिसत नाही. म्हणून लिहून कळवते.

आता माझ्या मागण्या.

माझं नाव त्या गाडीच्या कंपनीत पहिल्या जागी लागलं पाहिजे. नंबर माझा. तो द्यायला लागेल तर देईन. नको तिथे जपला आणि हवा तिथे दिला नाही, हे आता कळलंय. तुझ्या मोबाईलवरून ती गाडी पुरती निघाली पाहिजे, निळा ठिपका धरून. आजवर साठवलेलं सगळं पुसलं पाहिजे, माझे मिटलेले डोळेसुद्धा. कंपनीने ‘पुसलं’ असं कागदावर द्यावं, आणि ते कसं मिळवायचं ते तू बघायचंस, कारण मंजुळा तुझ्याशी बोलते, माझ्याशी नाही.

तुझ्या बाजूने एक मान्य करते. खांब पुढे येत नाहीत. दोन एप्रिलला, रविवारी, तू इथे ये आणि माझ्याशेजारच्या सीटवर बस. बोगद्यातून इस्पितळापर्यंत आणि परत. तोंड उघडायला परवानगी आहे. शिवाय मी माझे डोळे तपासायची वेळ घेतली आहे. ताईचेच डॉक्टर, तेरा तारखेला. त्यांनी नको म्हटलं तर किल्ली मी माझ्या हाताने तुझ्या हातात ठेवेन. पण ती मी ठेवेन. तू काढून घ्यायची नाहीस.

आणि एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. ती सगळी यादी तू वाचत होतास. दर दोन दिवसांनी घाबरत होतास. तर तेवढ्या दिवसांत एकदाही, ‘आई, तू सिग्नलला डोळे का मिटतेस?’ असं मला विचारावंसं तुला का वाटलं नाही?

उत्तर लेखी हवं. मोबाईलवर बडवलेलं चालणार नाही. तुझ्या हाताने, कागदावर. ते मी मावशीला वाचून दाखवणार आहे, ती आता स्वतः वाचू शकत नाही. तेव्हा अक्षर माझ्यासाठी नीट काढ आणि मजकूर तिला ऐकवता येईल असा लिही.

मुदत शुक्रवार, एकतीस मार्च, संध्याकाळी पाच. पाचनंतर आलेलं पत्र मी फोडणार नाही.

तुझी,
आई"